वस्तीतून जगाशी नातं: आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीच्या पुरस्कारांसाठी नागपूरच्या संस्थांनी तयारी कशी करावी

नागपूरला परदेशी पाहुणा नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जगभरातले बौद्ध या शहराशी जोडले गेले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेल्याची बातमी आली, तेव्हा इंग्रज भिक्खू संघरक्षित नागपुरातच होते आणि दुःखात बुडालेल्या लोकांसमोर त्यांनी शोकसभेत भाषण केलं. साठच्या दशकात जपानहून आलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई इथलेच झाले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस टेंपल जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीतून १९९९ साली उभं राहिलं. शेजारी वर्ध्यात १९३३ मध्ये जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी गांधीजींना भेटले. वरोऱ्याच्या आनंदवनात पन्नासच्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’च्या परदेशी स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातांनी बांधकाम केलं. आणि १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात डॉ. कोटणीसांसोबत नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे तर आपल्याकडेही फार थोड्यांना माहीत आहे.

आजही हे काम थांबलेलं नाही. विहारं, वाचनालयं, महिला मंडळं, शाळांचे माजी विद्यार्थी संघ, रोटरीचे क्लब अशा किती तरी ठिकाणी बाहेरच्या देशांतल्या साध्या लोकांशी येणंजाणं चालू असतं. अशा कामाला दाद देणारे पुरस्कार जगात आहेत. पण माझ्या पाहण्यात आपल्या वस्तीतली मंडळं तिथवर पोचत नाहीत, कारण त्यांचं काम कागदावर कुठेच उतरलेलं नसतं. ज्यांनी असा अर्ज कधीच केलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी एक पुरस्कार नीट समजून घ्या

जपान फाउंडेशन ही जपानची सांस्कृतिक देवाणघेवाणीची संस्था १९७२ साली स्थापन झाली. तिने १९८५ पासून स्थानिक पातळीवर आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण करणाऱ्या गटांना पारितोषिक द्यायला सुरुवात केली. २००५ पासून त्याचं नाव ‘जागतिक नागरिकत्व पारितोषिक’ अशा अर्थाचं झालं. दरवर्षी जास्तीत जास्त ३ गट निवडले जातात आणि प्रत्येकाला २० लाख येन मिळतात. विषय साधारण तीन: कला-संस्कृतीतून आपला परिसर घडवणं, वेगवेगळ्या संस्कृतीच्या लोकांनी एकत्र नांदणं, आणि नागरिकांनी सीमेपलीकडच्या नागरिकांशी जोडून घेणं.

हे पारितोषिक फक्त जपानमधल्या गटांसाठी आहे, तुम्हाला त्यासाठी थेट अर्ज करता येणार नाही. मग त्याने सुरुवात का करायची? कारण या क्षेत्रातले परीक्षक काय बघतात ते इथे अगदी स्वच्छ दिसतं. कामाचा वेगळेपणा, वर्षानुवर्षांचं सातत्य, पुढे वाढण्याची शक्यता आणि समाजावर झालेला परिणाम. मोठी इमारत, मोठं नाव, मंत्र्यांची हजेरी यांतलं काहीही या यादीत नाही. लहान गटाला याहून चांगली बातमी नाही.

दुसरं कारण जास्त कामाचं आहे. तुमचं नातं जपानमधल्या एखाद्या गावातल्या गटाशी असेल, तर तो गट अर्ज करू शकतो आणि त्यांच्या अर्जात अर्धी गोष्ट तुमची असते. तुमच्याकडची नोंद, फोटो, पत्रं त्यांना हवी असतात. जोडीदाराचा सन्मान झाला की तुमच्या कामालाही साक्ष मिळते, आणि पुढे तुम्ही दुसरीकडे अर्ज कराल तेव्हा ती उपयोगी पडते. म्हणून आपल्या परदेशी मित्रगटाला एक पत्र लिहा आणि विचारा, तुमच्या देशात अशा कामासाठी काय आहे? अमेरिकेतली ‘सिस्टर सिटीज इंटरनॅशनल’ ही तिथल्या शहरांची परदेशी शहरांशी मैत्री जोडणारी, १९५६ पासून चालत आलेली संस्था आपल्या सदस्य शहरांच्या उपक्रमांना दरवर्षी पुरस्कार देते. तिथेही हाच मार्ग लागू पडतो.

पायरी १: काम दोन्ही बाजूंनी वाहतं का, ते तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बाकीची कामं कुणीही मदतनीस करून देईल, ही मात्र तुम्हालाच करावी लागते.

आपल्याकडचा नेहमीचा कार्यक्रम कसा असतो? पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, दोन भाषणं, दुभाष्याची धावपळ, गट फोटो, जेवण. पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी वस्तीत काहीच बदललेलं नसतं. हा सत्कार झाला, आणि सत्कार वाईट नाही. पण परीक्षकाला देवाणघेवाण हवी असते. त्यांनी काय नेलं आणि आपण काय ठेवून घेतलं, हे सांगता आलं पाहिजे.

समजा, इंदोऱ्यातलं एक वाचनालय आहे आणि त्याचं थायलंडमधल्या एका गावातल्या तरुण गटाशी नातं आहे. थाई मुलं दसऱ्याच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येतात, दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर स्वयंसेवक म्हणून उभी राहतात, रात्री वस्तीतल्या घरांत जेवतात. वाचनालयातल्या मुली त्यांच्याकडून कागदी कंदील करायला शिकतात आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेला ते स्वतः करतात. तिकडची मुलं भीमगीतं शिकून जातात आणि गावाच्या उत्सवात म्हणून दाखवतात. वर्षभर महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची मुलं एकच गोष्ट वाचतात. आता इथे देणं आहे, घेणं आहे, आणि पाहुणे नसतानाही चालणारं काहीतरी आहे. या तिसऱ्या भागावरच बहुतेक संस्था अडतात.

कार्यकारिणीच्या बैठकीत सगळ्यांना विचारा. पाहुणे आले नाहीत त्या वर्षी आपण काय केलं? वस्तीतल्या कोणाचं आयुष्य, शिक्षण, वागणं यामुळे बदललं? आपल्यापैकी एखादा माणूस सोडून गेला तरी हे चालेल का? उत्तरं ऐकताना घाई करू नका. उत्तर ‘नाही’ आलं तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला आणि ते वर्ष कामात घाला. घाईचा अर्ज वाया जातो आणि लोकांचा हिरमोड होतो तो वेगळाच.

आणखी एक. आपल्या वस्तीतल्या सगळ्यांना यात जागा आहे का? इंग्रजी बोलणारी चार मुलंच दरवेळी पुढे असतील, तर ते काम मोजक्यांचं झालं. पाहुण्यांसाठी रांधणाऱ्या बायांना बैठकीत आणि फोटोत जागा द्या, त्यांचं नाव नोंदीत घ्या. देवाणघेवाण खरी तर त्यांच्याच ओट्यापाशी होत असते. पाहुणीला भाकरी थापायला शिकवणारी मावशी ही तुमच्या अर्जातली सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे.

पायरी २: नोंदवही सुरू करा, आजपासून

एक जाड, पक्क्या बांधणीची नोंदवही घ्या. सुटे कागद नकोत. प्रत्येक कार्यक्रमासाठी एक पान. वर तारीख आणि ठिकाण. खाली कोण आलं, कुठल्या देशाचं, किती जण, वस्तीतले किती जण, त्यांत बाया किती, मुलं किती. मग तीन-चार ओळी: काय झालं, कोणी कोणाला काय शिकवलं. खर्च किती, तो कुठून आला. पानाच्या तळाशी पाहुण्यांपैकी एकाची आणि आपल्यापैकी एकाची सही. शक्य असेल तर दोघांनी आपापल्या भाषेत एकेक वाक्य लिहावं. हे पान त्याच संध्याकाळी भरायचं. आठवड्याने भरलेल्या पानात आकडे अंदाजाने येतात आणि अंदाजाचे आकडे वाचणाऱ्याला लगेच कळतात.

फोटो फोनमध्ये ठेवून विसरू नका. वर्षाचं एक फोल्डर करा आणि फाइलच्या नावातच तारीख, जागा, प्रसंग लिहा. लहान मुलांचे फोटो अर्जात वापरायचे असतील तर आई-वडिलांची लेखी संमती घ्या. मराठीतलं चार ओळींचं संमतिपत्र पुरतं.

जुनी नोंद नसेल तर काय? व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने फोटो काढा, त्यावर तारखा असतात. वर्तमानपत्रांच्या नागपूर आवृत्त्यांतली कात्रणं शोधा. विहाराच्या किंवा समाजभवनाच्या पावतीपुस्तकात सभागृहाची नोंद सापडते. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या, पण तिथे ‘आठवणीवरून’ असं स्पष्ट लिहा.

पायरी ३: संस्थेचे कागद

मंडळ अजून नोंदणीकृत नसेल तर बहुतेक मोठे पुरस्कार बंद राहतात. आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान ७ सदस्य लागतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. नागपुरात सहधर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, त्यामुळे मुंबईच्या खेपा लागत नाहीत.

नोंदणी झालेल्या संस्थांचा घोळ वेगळा असतो. अध्यक्ष बदलले, सचिव वारले, नवी कार्यकारिणी आली, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, दाखलच केला नाही. मग पीटीआर उताऱ्यावर (सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर) जुनीच नावं राहतात आणि अर्जावर सही करणारा माणूस कागदोपत्री विश्वस्तच नसतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत हा रिपोर्ट द्यायचा असतो. आधी उतारा काढून बघा. त्याबरोबर मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, पॅन, बँक पासबुक आणि आयकर खात्याकडची धर्मादाय नोंदणी (जिला सगळे अजून ‘१२ए’ म्हणतात) एका फाइलमध्ये लावा. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर संस्थेची नोंद करून क्रमांक घ्या, तो पुढे लागतोच.

पायरी ४: परदेशातून येणारा पैसा

इथे हात सांभाळून. परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘एफसीआरए’, तुमच्या छोट्या मंडळालाही लागू आहे.

परदेशी माणसाने रुपयांत दिलेली देणगीसुद्धा परदेशी अंशदान ठरते. विहारात आलेल्या पाहुण्याने प्रेमाने दानपेटीत नोटा टाकल्या, तर त्याही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेला आपला नातेवाईक कायद्याने परदेशी नागरिक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा मात्र यात येत नाही. पैशांप्रमाणे वस्तूही अंशदानात मोडतात. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर हे काहीच घ्यायचं नाही. पाहुण्यांना नम्रपणे सांगा, त्यांना राग येत नाही. मी तर म्हणेन, पाहुण्यांच्या स्वागतफलकाशेजारी ही सूचना इंग्रजीत लावूनच ठेवा.

नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी असावी लागते आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. बहुतेक वस्ती-मंडळांना हे जमत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामापुरती पूर्वपरवानगी हा मार्ग असतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच प्रथम जमा होतो, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही.

पुरस्काराची रक्कम परदेशी संस्थेकडून संस्थेच्या नावे येणार असेल, तर अर्ज करण्याआधीच एफसीआरएचं काम माहीत असलेल्या सीएला दाखवा. निवड झाल्यावर धावाधाव करू नका. रक्कम नसलेला, नुसतं मानपत्र किंवा प्रशिक्षण देणारा पुरस्कार नव्या संस्थेला पुष्कळदा जास्त सोयीचा असतो.

एक बारीक गोष्ट. तुमच्या गटातला कोणी सरकारी नोकर असेल आणि परदेशी यजमान त्याचा प्रवास-मुक्काम करणार असेल, तर त्याला आधी केंद्राची परवानगी लागते. शिक्षक मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

पायरी ५: पाहुणे घरी उतरणार असतील तर

परदेशी पाहुणा घरी, विहारात किंवा संस्थेच्या खोलीत मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती द्यावी लागते. लोक त्याला ‘सी-फॉर्म’ म्हणून ओळखतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची प्रत ठेवा. शंका असेल तर पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कक्षात आधीच जाऊन विचारा. ही पोचपावतीही नोंदवहीच्या पानाला टाचून ठेवा. नियम पाळणारी संस्था म्हणून तिचा अर्जात उपयोग होतो.

पायरी ६: पुरस्कार निवडा

सुरुवात जवळून करा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून दिल्या जाणाऱ्या जिल्हा युवा पुरस्कारात व्यक्तींबरोबर एका संस्थेलाही पुरस्कार असतो. तो आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा नाही, पण प्रस्ताव बांधायची सवय तिथे लागते आणि फाइल तयार होते.

मग बाहेरचे. युनेस्कोचं मदनजीत सिंग पारितोषिक सहिष्णुता आणि अहिंसेसाठी आहे. गांधीजींच्या १२५ व्या जयंतीच्या निमित्ताने ते १९९५ साली सुरू झालं, दर दोन वर्षांनी १६ नोव्हेंबरच्या सुमाराला दिलं जातं, रक्कम १ लाख डॉलर. व्यक्तींना आणि संस्थांनाही मिळतं, पण स्वतःचा अर्ज चालत नाही, नामांकन लागतं. पहिल्या वर्षी याच्या मागे लागू नये. तरी त्याचे निकष वाचावेत, कारण जाती-धर्माच्या ताणातून वाट काढत ज्यांनी शेजारधर्म टिकवला, अशी कामं आपल्या शहरात आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या ‘अलायन्स ऑफ सिव्हिलायझेशन्स’ने बीएमडब्ल्यू समूहासोबत २०११ पासून आंतरसांस्कृतिक उपक्रमांसाठी पुरस्कार सुरू केला. पुढे तो ‘इंटरकल्चरल इनोव्हेशन हब’ म्हणून चालू राहिला. यात ना-नफा संस्था स्वतः अर्ज करते, आणि पैशांसोबत प्रशिक्षण व मार्गदर्शनही मिळतं. चार-पाच वर्षं काम झालेल्या संस्थेने इकडे बघावं असं माझं मत आहे.

जपानशी नातं असेल तर आणखी एक दार आहे. जपानचे परराष्ट्रमंत्री दरवर्षी मैत्री वाढवणाऱ्या व्यक्तींना आणि गटांना प्रशस्तिपत्र देतात, परदेशातल्या गटांनाही. त्यासाठी वकिलातीला तुमचं काम माहीत असावं लागतं. महाराष्ट्रासाठी मुंबईतला जपानचा वाणिज्य दूतावास आहे. वर्षातून एकदा दोन पानांचा, फोटोंसह अहवाल त्यांना पाठवत राहा. काही मागू नका, फक्त कळवा.

आणि ज्यांच्यापासून दूर राहायचं ते. ‘आपली आंतरराष्ट्रीय सन्मानासाठी निवड झाली आहे’ असा फोन येतो, मग नोंदणी शुल्क, स्मृतिचिन्हाचे पैसे, हॉटेलातल्या सोहळ्याची तिकिटं. सोबत मानद डॉक्टरेटही देऊ करतात. हे पुरस्कार विकत मिळतात. कष्टाने जमवलेली वर्गणी त्यात घालवलेली मंडळं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या सदस्यांचे उतरलेले चेहरेही. निवडीसाठी पैसे मागितले की विषय तिथेच संपवा. खऱ्या पुरस्काराचे निकष, आधीचे विजेते आणि परीक्षकांची नावं जाहीर असतात.

पायरी ७: अर्ज लिहा, आधी मराठीत

अर्ज इंग्रजीत द्यायचा असला तरी पहिला मसुदा मराठीतच करा, सगळ्यांनी बसून. ज्यांनी काम केलं त्यांना तो वाचता आला पाहिजे आणि ‘हे असं नव्हतं’ म्हणता आलं पाहिजे. नंतर भाषांतर.

नवे लोक असं लिहितात: ‘आमची संस्था गेली अनेक वर्षे विश्वबंधुत्वाच्या उदात्त भावनेने प्रेरित होऊन विविध उपक्रम राबवीत आहे.’ यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयातली मुलं थायलंडमधल्या मुलांसोबत व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट वाचतात. आधी ती मराठीत होते, मग थाईत. पाहुणे न आलेल्या वर्षीही हे चालू होतं.’ आकडे नोंदवहीतूनच घ्या, फुगवू नका. पाच घरांनी पाहुणे ठेवले असतील तर पाचच लिहा. पाच घरं ही मोठी गोष्ट आहे.

अडचणी लपवू नका. भाषेमुळे गैरसमज झाला, शाकाहार-मांसाहारावरून कुरबुर झाली, एखादं कुटुंब नाराज होऊन बाहेर पडलं, तर ते आणि त्यावर काय केलं ते लिहा. अनुभवी परीक्षक असा परिच्छेद आधी शोधतात.

शिफारसपत्रं दोन पुरेत. एक परदेशी जोडीदाराचं, त्यांच्या शब्दांत. दुसरं वस्तीतल्या अशा माणसाचं, जो संस्थेचा पदाधिकारी नाही: शाळेच्या मुख्याध्यापिका, आशा सेविका, समोरचा दुकानदार. नगरसेवकाचं पत्र सहज मिळतं म्हणून तेच लावायची गरज नाही.

शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी अर्ज पूर्ण करा. वेळेतल्या फरकामुळे तिकडची मुदत आपल्याआधी संपू शकते, विशेषतः जपानची, जिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. पाठवलेल्या अर्जाची प्रत आणि पोच फाइलला लावा, आणि बैठकीच्या इतिवृत्तात तसा ठराव घ्या.

पायरी ८: निकालानंतर

निवड झाली नाही तर आयोजकांना दोन ओळींचं पत्र लिहून अभिप्राय मागा. काही ठिकाणी उत्तर येतं, काही ठिकाणी येत नाही. अर्ज मात्र पुढच्या वर्षी नव्या पानांसह परत वापरता येतो, म्हणून फाइल बंद करू नका.

निवड झाली तर पहिला फोन परदेशी जोडीदाराला करा, वर्तमानपत्राला नंतर. रक्कम असेल तर ती कशावर खर्च करायची हे सगळ्या सदस्यांच्या सभेत ठरवा आणि ठराव लिहा. त्यातला काही भाग ज्या घरांनी पाहुणे ठेवले त्या घरांतल्या मुलांच्या पासपोर्टसाठी ठेवावा, असं मी सुचवेन. आजवर ते लोक आपल्याकडे आले. आता आपल्या वस्तीतलं एखादं पोर त्यांच्या गावी जाऊन राहू दे. नागपुरात पासपोर्ट कार्यालय आहेच, अर्जाचं काम इथेच होतं.